निरोप समारंभाला न आलेली मुलं

प्रश्न विचारणारी मुलगी मानसशास्त्रात एम. ए. झाली आहे आणि तिला शाळेत समुपदेशक म्हणून पहिली नोकरी लागली आहे. ती स्वतः जिथे शिकली त्या शाळेतल्या समुपदेशक बाई नुकत्याच निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला चाळिशीतली माणसं आली, बोलता बोलता रडली. ते पाहून ती विचारते, ‘त्यांच्यासारखं व्हायला नेमकं काय करावं लागतं? आणि इतक्या मुलांचं इतकं सगळं मनावर घेऊन माणूस टिकतो कसा?’

मी हे काम २६ वर्षं केलं. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

आधी त्या समारंभाबद्दल. माझाही झाला. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण या कामाकडे त्या सभागृहातून बघायला सुरुवात केलीत तर पहिल्या वर्षातच हिरमोड होईल. तिथे जी मुलं येतात त्यांचं बरं झालेलं असतं आणि ते आपल्यामुळे झालं असं त्यांना वाटत असतं. जी येत नाहीत त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. याकडे मी पुन्हा येईन.

माझ्या पहिल्या शाळेत मला दिलेली खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून होती. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी सुबक पाटी. तीन आठवडे एकही मूल आलं नाही. मी वाट बघत बसायचे, चाचण्यांच्या पुस्तिका लावायचे, पुन्हा लावायचे. मग लक्षात आलं की त्या बोळातून चालत येणारं प्रत्येक मूल केबिनच्या काचेतून दिसतं, आणि शाळेत केबिनच्या दिशेने चालत जाणं म्हणजे एकच अर्थ. कुणाची बिशाद आहे यायची?

पहिला आला तो आठवीतला एक मुलगा, स्टेपलर मागायला. दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टेपलर. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. त्याच्या हातात शिवण्यासारखे कागद नसायचेच, हे मला चौथ्या दिवशी दिसलं. पाचव्या दिवशी पिना भरता भरता तो म्हणाला, ‘बाई, एखाद्याला झोपच येत नसेल तर?’

हा ‘एखादा’ तुम्हाला रोज भेटणार आहे. कधी तो ‘माझा एक मित्र’ असतो, कधी ‘आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी’. नवीन समुपदेशकाला मोह होतो, ‘तू स्वतःबद्दलच बोलतोयस ना?’ असं विचारण्याचा. विचारू नका. त्या ‘एखाद्या’ला तुमच्या खोलीत खुर्ची द्या, महिनाभर बसू द्या. त्याची झोप कधी उडते, तेव्हा तो काय करतो, घरात कुणाला माहीत आहे का, सगळं त्या एखाद्याबद्दलच विचारा. मुलाला हवं तेव्हा ते सर्वनाम बदलतं. माझ्या मुलाचं सतरा दिवसांनी बदललं.

तेव्हापासून मी खोलीत बसून राहणं सोडलं. सकाळी फाटकाशी, मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला, शाळा सुटताना बसच्या रांगेजवळ. काम काहीच नाही, नुसतं उभं राहायचं. मुख्याध्यापकांना पहिलं वर्षभर वाटत होतं की मी वेळ घालवते आहे. फाटकाशी उभं राहून मी काय बघते, तर बदल. गप्प मूल गप्प असलं तर बहुधा तो त्याचा स्वभाव असतो. बडबडं मूल आठवडाभर गप्प झालं की थांबायचं. मैत्रिणींच्या घोळक्यातून येणारी एकटी यायला लागली, नीटनेटका पोरगा तोच चुरगळलेला सदरा तिसऱ्या दिवशी घालून आला, कधी उशीर न करणारी रोज पहिली घंटा झाल्यावर यायला लागली. यातल्या एकेकाचा अर्थ काहीच नसू शकतो. दोन-तीन एकत्र आले की वर्गशिक्षकांना विचारायचं.

आणि हजेरीपट वाचायला शिका. कुठल्याही चाचणीपेक्षा त्यात जास्त असतं. दर सोमवारी गैरहजर राहणारं मूल शनिवार-रविवारबद्दल काहीतरी सांगत असतं. ठरावीक तासिकेआधीच पोट दुखतं, तेव्हा पोटाला नाही, वेळापत्रकाला विचारायचं. प्रथमोपचाराच्या खोलीतली नोंदवही, शिपाईकाका, बसवरच्या मावशी, ग्रंथालयातले काका यांच्याशी चांगलं ठेवा. शिक्षक मुलांना वर्गात बघतात, ही माणसं त्यांना वर्गाबाहेर बघतात.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसला की लोक आपल्याकडून दोन अगदी वेगळ्या गोष्टी का मागतात ते कळत नाही. या व्यवसायाचा जन्म मनाच्या दुखण्यातून झालेला नाही. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी काढली. शहरात कामाला येणाऱ्या तरुण मुलांना आपल्याला काय जमेल हे सांगणारं कुणी नव्हतं. पार्सन्स त्याच वर्षी वारले, त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये निघालं. त्यांचं म्हणणं तीन पायऱ्यांचं होतं: स्वतःला ओळखा, कामांची माहिती करून घ्या, आणि मग दोन्हींची सांगड विचारपूर्वक घाला. पुढे कितीतरी वर्षं शाळेतला मार्गदर्शक म्हणजे हेच. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिका हादरली. १९५८ च्या कायद्याने शाळांसाठी समुपदेशक तयार करायला सरकारी पैसा आला, पण हेतू विज्ञानात पुढे जाणारी हुशार मुलं हेरण्याचा होता. गंमत बघा, त्याच १९५७ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आपला गाजलेला लेख लिहिला. माणूस बदलायचा तर समोरच्याने त्याला विनाअट स्वीकारलं पाहिजे, त्याच्या जागी जाऊन समजून घेतलं पाहिजे आणि स्वतः मुखवट्याशिवाय बसलं पाहिजे, असं त्याचं सार. म्हणजे एकीकडे मुलं निवडून वेगळी काढायची आणि दुसरीकडे कुणालाही न तोलता ऐकायचं. शाळेतला समुपदेशक तेव्हापासून दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहे.

म्हणून तुमच्याकडे सकाळी एक आई येईल, ‘कल चाचणी करून द्या, म्हणजे शाखा ठरवता येईल,’ आणि दुपारी त्याच खुर्चीत एक मूल येईल जे काहीच बोलणार नाही. दोन्ही कामं तुमचीच.

चाचण्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. जॉन हॉलंड यांनी कामाच्या आवडीवरून पाडलेले माणसांचे सहा प्रकार तुम्ही शिकलाच असाल: हातांनी करणारा, शोधणारा, कलावंत, माणसांत रमणारा, पुढाकार घेणारा, व्यवस्था लावणारा. चांगली मांडणी आहे, मी आयुष्यभर वापरली. पण एकदा नववीतली एक मुलगी निकालाचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, ‘बाई, मी ही आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही गं. गेल्या मंगळवारी तू स्वतःबद्दल जे लिहिलंस तेच याने तुला परत सांगितलंय.’ आवडींची चाचणी म्हणजे एवढंच. त्या कागदावरून गप्पा सुरू होत असतील तर उत्तम, पण त्या तिथेच संपायला लागल्या तर कागद न दिलेला बरा.

पार्सन्सच्या तीन पायऱ्यांमधली दुसरी, कामांची माहिती, सगळे विसरतात. मी मुलांना ते काम करणाऱ्या कुणाबरोबर एक अख्खा दिवस घालवायला पाठवायचे आणि सांगायचे, एवढंच विचारून ये: या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? पशुवैद्य व्हायचं म्हणून लहानपणापासून हट्ट धरलेली एक मुलगी परत आली ती चक्रावून. ‘बाई, तिथे प्राण्यांपेक्षा माणसांशीच जास्त बोलावं लागतं!’ तिला माणसांशी बोलायचा कंटाळा होता, म्हणून तर प्राणी. पुढे ती काय झाली हे सांगून गोष्ट गोड करत नाही. त्या दिवशी तिला एक खरी गोष्ट कळली, माझं काम तेवढंच होतं.

बोलण्याच्या पद्धतीविषयी फार लिहीत नाही, पुस्तकांत आहे. दोन गोष्टी मात्र हाताने शिकाव्या लागतात.

एक, ‘का’ हा शब्द. शाळेत ‘का’ हा प्रश्न नसतोच, आरोप असतो. उशीर का झाला, गृहपाठ का नाही, मारलंस का. मुलांना या शब्दाला सफाई द्यायची सवय लागलेली असते. तुम्ही कितीही मऊ आवाजात ‘का रे रडतोस?’ म्हटलंत तरी ते सफाईच देणार. ‘काय झालं’, ‘केव्हापासून’, ‘तेव्हा अजून कोण होतं’ हे चालतं. आणि विचारून झालं की गप्प. मनात दहापर्यंत मोजा. मी पहिली दोन वर्षं सहापर्यंतच टिकायचे आणि मग दुसरा प्रश्न टाकायचे. मुलाच्या तोंडाशी आलेलं कितीदा मीच परत आत ढकललं असेल, देव जाणे.

दुसरं, शून्य ते दहाचं माप. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी उपायांवर लक्ष ठेवणारी जी पद्धत रुजवली त्यातलं हे हत्यार आहे. ‘दहा म्हणजे सगळं ठीक, शून्य म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही, तू आज कुठे आहेस?’ मूल म्हणतं, तीन. आपली जीभ वळवळते, ‘दहावर जायला काय करू या?’ ते विचारायचं नाही. विचारायचं, ‘तीन? दोन का नाही?’ (हो, इथे ‘का’ चालतो, कारण इथे तो मुलाच्या बाजूने असतो.) आईवडिलांच्या भांडणांनी पिचलेला एक मुलगा या प्रश्नावर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, ‘कारण मी घरी गेलो की कुत्रा उड्या मारतो.’ त्या कुत्र्याच्या आधारावर आम्ही पुढचे चार महिने काढले. संध्याकाळी भांडण सुरू झालं की त्याने कुत्र्याला घेऊन बाहेर पडायचं, हा आमचा पहिला ठराव. आईवडिलांचं भांडण मिटवणं माझ्या हातात नव्हतं. त्यातून बाहेर पडायची एक वाट मात्र त्या मुलाच्या हातात आधीपासूनच होती.

आता जे लिहायला मला जड जातं ते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी आली आणि म्हणाली, ‘आधी शपथ घ्या, कुणालाही सांगणार नाही.’ मी घेतली. तिने विश्वास टाकला याचा मला अभिमान वाटला होता, हेही कबूल करते. मग तिने सांगितलं की तिला जगायचं नाही, आणि कसं मरायचं तेही तिने ठरवलं आहे. त्या संध्याकाळी मी शपथ मोडली. तिच्या घरी कळवलं, डॉक्टरांकडे पोचवलं. ती पुन्हा माझ्याशी कधीही बोलली नाही. बोळात दिसले की वाट बदलायची. ती आज जिवंत आहे, एवढं मला माहीत आहे.

तेव्हा सांगितलं ते चुकलं नाही. शपथ घेतली ते चुकलं. गुपिताच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, काहीही बाहेर येण्याआधी सांगायच्या असतात: ‘तू इथे बोलशील ते इथेच राहील. तीन वेळा मात्र मला दुसऱ्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल: तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे कुणाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, इजा करत असेल. तेव्हाही तुला सांगून घेईन, तुझ्या पाठीमागे नाही.’ हे ऐकून काही मुलं उठून जातात. जाऊ द्या, बहुतेक परत येतात. आणि ज्यांना आतून कुणीतरी अडवायला हवं असतं ती हे ऐकूनच बोलतात.

मरणाचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ असंच येणार, कारण प्रश्नातच आपण ‘नाही’ मागितलेलं असतं. विचारल्याने नसलेला विचार मनात भरतो ही भीती निराधार आहे. ते वारंवार तपासलं गेलं आहे. ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलासुद्धा नाही. ठरवलेलं साधन काय आहे ते विचारायचं आणि ते त्याच्या आवाक्याबाहेर जाईल अशी व्यवस्था घरच्यांकडून करून घ्यायची. त्याच दिवशी पालक, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. आणि त्याच दिवशी नोंद. उद्या लिहू म्हणाल तर उद्यापर्यंत शब्द बदललेले असतात.

अत्याचाराबद्दल मूल बोललं तर आपण पोलीस नाही आणि वकीलही नाही. खोदून विचारू नका, तपशील काढायला लावू नका, एकच गोष्ट तीन जणांपुढे सांगायला लावू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याने अवयवांना वापरलेले बोबडे शब्दसुद्धा. मग कायद्याने जिथे कळवायचं तिथे कळवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून ‘समोरासमोर मिटवू’ असं सुचवणारं कुणी ना कुणी नक्की भेटेल. मला एका शाळेत ‘जरा संस्थेच्या नावाचा विचार करा’ असं ऐकवलं गेलं, तेही अगदी सौम्य, समजूतदार स्वरात. अशा वेळी लेखी नोंद हाच तुमचा कणा. तोंडी बोलणी हवेत विरतात, तारीख-वेळ टाकून लिहिलेला कागद फाइलमध्ये राहतो.

आता समारंभाकडे येते.

१९३९ मध्ये बॉस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांची ती कल्पना. ५०६ मुलगे घेतले, सारख्या सारख्यांच्या जोड्या लावल्या, आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदतीसाठी निवडलं, दुसऱ्याला तसंच सोडलं. निवडलेल्यांना समुपदेशक मिळाला, जो महिन्यातून साधारण दोनदा घरी जाई, अभ्यासात मदत करी, डॉक्टरकडे नेई, सहलींना पाठवी. हे सरासरी पाच वर्षं चाललं. तुम्ही-मी ज्याला समर्पित काम म्हणू ते सगळं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांना, आता प्रौढ माणसांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले की त्या कार्यक्रमाचा आपल्याला फायदा झाला. काहींनी तर आपण त्यामुळेच वाचलो असं सांगितलं.

आणि १९७८ मध्ये छापलेले आकडे उलटं सांगत होते. एकदा गुन्हा केलेल्यांनी पुन्हा गुन्हा करणं, दारूच्या आहारी जाणं, ताणाचे आजार, लवकर मृत्यू, अशा कितीतरी बाबतींत मदत मिळालेल्या मुलग्यांची गत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोकरीला नऊ वर्षं झाली होती. दोन दिवस मला कामावर जावंसं वाटलं नाही. कारण माझ्याजवळ माझ्या कामाचा पुरावा म्हणून जे काही होतं ते सगळं कृतज्ञतेच्या रूपातच होतं: भेटकार्डं, पत्रं, ‘बाई, तुमच्यामुळे’. आणि ते सगळं त्या प्रयोगातल्या समुपदेशकांजवळही होतं.

असं का झालं यावर बरीच चर्चा झाली. मॅकॉर्ड यांच्या शंकांमध्ये दोन अशा होत्या की परक्या आधाराची सवय लागली आणि तो सुटल्यावर पोकळी राहिली, किंवा आपल्यात काहीतरी बिघाड आहे म्हणूनच मदत येते असं मुलांच्या मनाने घेतलं. पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मुलांना उन्हाळी शिबिरांना एकाहून जास्त वेळा पाठवलं होतं त्यांच्यात नुकसान ठळक होतं. एकमेकांच्या संगतीत त्यांनी एकमेकांना काय शिकवलं असेल ते कळायला संशोधकच हवा असं नाही. म्हणून तुमच्याकडे जेव्हा ‘सगळ्या व्रात्य मुलांचा एक गट करून घ्या ना, आठवड्याला एक तास’ असा प्रस्ताव येईल, आणि तो येतोच, तेव्हा नाही म्हणा. मिसळलेला गट चालेल. नुसता व्रात्यांचा नको.

दुसरी बाजूही आहे, नाहीतर मी पुढची सतरा वर्षं कशाच्या जोरावर काढली असती? हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर आणि रुथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं राहिल्या. त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांचं बालपण खडतर होतं: गरिबी, घरातली व्यसनं, मानसिक आजार, मोडलेली कुटुंबं. त्या खडतर बालपणातूनही जवळजवळ एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामसू, माया करणारी माणसं झाली. या मुलांच्या आयुष्यात जे पुन्हापुन्हा सापडलं त्यात एक होतं, कुणीतरी एक टिकून राहिलेलं मोठं माणूस. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक. त्यासाठी कुणी पदवीधर समुपदेशकच असावा लागत नव्हता.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले आणि माझं काम बदललं. तोवर मी प्रत्येक मुलासाठी ते एक माणूस होण्याचा प्रयत्न करत होते. त्यानंतर मी त्या मुलाचं माणूस शोधायला लागले. अमेरिकेतल्या शाळा समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी अशी आहे, आणि तुमच्या वाट्याला याहून कितीतरी जास्त येणार. अडीचशेंचासुद्धा आधार एक माणूस होऊ शकत नाही. शाळेतल्या साठ-सत्तर मोठ्या माणसांपैकी कुणाचं कुणाशी जुळेल हे मात्र एक माणूस ओळखू शकतो.

कुणाशीच न बोलणारा एक मुलगा होता. माझ्यासमोर दोनदा बसला, दोन्ही वेळा खिडकीतून बाहेर बघत. मधल्या सुट्टीत तो ग्रंथालयाच्या पायरीवर दिसायचा. मी ग्रंथालयातल्या काकांना एवढंच म्हटलं, ‘पुस्तकं लावायला मदतीला हा चालेल का?’ त्यानंतर मी त्याची एकही बैठक घेतली नाही. तीन वर्षं तो काकांबरोबर पुस्तकांना पाठीला चिकटपट्टी लावत होता. शाळा सोडताना वर्गाच्या कार्यक्रमात बोलला, चार वाक्यं, त्यातली तीन काकांवर. मी मागच्या रांगेत होते, माझं नाव निघालं नाही. जरा टोचलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या नोंदवहीत माझ्या सगळ्यात चांगल्या कामांत ते आहे.

आणि सुरू केलेलं तोडू नका. मार्गदर्शक आणि मूल यांच्या जोड्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये आला, ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षा खाली गेलं. तेव्हा जमणार नसेल तर ‘रोज ये’ म्हणू नका, ‘दर बुधवारी, मधल्या सुट्टीत’ म्हणा आणि तो बुधवार मोडू नका. परीक्षेच्या देखरेखीला, बदली तासाला तुम्हाला पाठवलं जाईल तेव्हा निदान त्या मुलाला आधी जाऊन सांगा. बदली तासाला मी हरकत घेत नसे, वर्ग बघायला मिळतो. शिस्तीचं काम मात्र घेऊ नका, कितीही गळ घातली तरी. सकाळी ज्या हाताने केस वाढले म्हणून मूल ओळीतून बाहेर काढलंत, त्या हाताला ते दुपारी काय देणार?

टिकण्याचं विचारलंत. अकराव्या वर्षी माझ्यासमोर एक मुलगी रडत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. नुसतं बघत नव्हते, चिडले होते. हिला काय झालंय एवढं रडायला, असं अगदी स्पष्ट मनात आलं. मला स्वतःची भीती वाटली. दुसऱ्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘तुमचं कोण ऐकतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्याकडे तासभर, नावं न घेता, अडलेल्या केसेस आणि त्या केसेसमध्ये माझं काय होतंय ते. तुम्ही पहिल्या महिन्यातच असं कुणी शोधा. याला चैन समजू नका, या कामाचा तो भाग आहे. जोडीदाराला किंवा आईला सांगून हे भागत नाही. ते तुमच्या बाजूने बोलतात आणि गुपितही फुटतं.

बाकी मी जे करायचे ते किरकोळ आहे. स्वतःचा फोन नंबर मुलांना दिला नाही; रात्री कुणाला फोन करायचा, कोणती हेल्पलाइन, ते मात्र प्रत्येक मुलाला लिहून दिलं. दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं नोंदींसाठी ठेवली, मग वही कपाटात, कपाटाला कुलूप. ते कुलूप लावण्याचा आवाज मला लागायचा. काही दिवस तरीही काही मुलं घरी यायची, मनात बसून. ती येणारच. सगळीच येऊ लागली तर मात्र ज्येष्ठांकडे जायची पुढची तारीख अलीकडे आणायची.

माझ्या चुकांची यादी लांब आहे. एक सांगते. पहिला नंबर काढणारा, सगळ्या स्पर्धांत असलेला एक मुलगा, त्याच्याकडे मी पाच वर्षांत एकदाही नीट बघितलं नाही. फाटकाशी बदल बघते म्हणून मिरवणाऱ्या मला त्याच्यात कधीच बदल दिसला नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून तसाच ताठ होता. तो कोसळला तो शाळा सोडल्यावर. माझ्या निरोपाला तो नव्हता. ती शपथेवाली मुलगीही नव्हती.

तुम्हाला तुमच्या बाईंसारखं व्हायचं असेल तर त्यांना एकदा घरी जाऊन भेटा. समारंभाला आलेल्यांबद्दल विचारू नका, ते तुम्ही ऐकलंच आहे. न आलेल्यांबद्दल विचारा. नावं सांगणार नाहीत, सांगूही नयेत, पण त्या बराच वेळ बोलतील असा माझा अंदाज आहे.

सोमवारी रुजू व्हाल तेव्हा खोली कुठली देतात ते बघा. केबिनशेजारची असेल तर बदलून मागा, जिन्याखालची चालेल. आणि टेबलावर, दारातून दिसेल असा, एक स्टेपलर ठेवा. पिना जास्तीच्या आणा, पहिल्या सत्रातच संपतात.